वाघबारशीची घंटा

मी एक घंटा बोलतेय. देवळातली नव्हे. देवळातल्या घंटेला माणसं वाजवतात आणि लगेच काहीतरी मागतात. मी गाईच्या गळ्यातली. गाय मान हलवते, मी वाजते, आणि एवढ्यावर आम्हा दोघींचं भागतं.

माझा जन्म नाशकातला. जुन्या गावात, गोदावरीपासून जवळच, एका ओताऱ्यानं भट्टीत पितळ वितळवून मला साच्यात ओतलं. माझ्याबरोबरच्या घंटा गुळगुळीत निघाल्या. त्या पंचवटीतल्या दुकानांत गेल्या आणि तिथून देवळांत. माझ्या अंगात मात्र हवेचा बुडबुडा राहिला आणि बारीक भोक पडलं. ओताऱ्यानं मला कानाशी धरून वाजवलं आणि म्हणाला, "ही देवाला चालायची नाही. जनावराला बांधा."

तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. पण त्या भोकापायी एक खोड कायमची लागली. वारा आला की तो आत शिरतो आणि माझी लोळी, म्हणजे आतली जीभ, थरथरते. स्वस्थ राहणं मला कधी जमलंच नाही.

वणीच्या बाजारात मला केरूनं घेतलं. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. केरू पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. उतारावर नागली, खाली चिखलात थोडा भात, आणि गावाची गुरं वळायची, एवढा त्याचा संसार. बरोबर त्याची बायको कुसाबाई होती. केरू एकेक घंटा उचलायचा, हलवायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि खाली ठेवायचा.

दुकानदार कंटाळला. "बाबा, घंटा घ्यायचीय का नवरी?"

"नवरीचा आवाज आधी ऐकू देत नाहीत," केरू म्हणाला. "म्हणून इथं ऐकून घेतो."

"आन् माझा ऐकला असता तर?" कुसाबाईनं विचारलं.

"तर आज वणीला एकटाच आलो असतो."

दोघंही हसली आणि मला कुसाबाईनंच कमरेला खोचलं. भोकाचं केरूला कळलं होतं. तो म्हणाला, "राहू दे. वारा सुटला तरी वाजंल. रानात बरं असतं."

त्यानं मला मोरीच्या गळ्यात बांधलं. मोरी ही काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गाय, शांत, पण हट्टी. केरू घरी सुपात नागली पाखडत बसलेला असला तरी माझ्या आवाजावरून सांगायचा, मोरी चरतेय, मोरी पाण्यावर गेली, मोरी दुसऱ्याच्या बांधावर शिरली. मी खोटं कधी वाजले नाही.

त्याचा मुलगा लहानू तेव्हा गुरांमागं जायचा. एके दिवशी दिवस मावळताना गुरं परतली, त्यांत मोरी नव्हती आणि लहानूही नव्हता. आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि त्या आठवड्यात वाघानं दोन शेळ्या नेल्या होत्या. केरू अंगणात उभा राहून ऐकत राहिला.

मी वाजत होते. ओहोळाच्या पलीकडं, एका खडकाला पाठ लावून मोरी उभी होती. तिच्या पोटाखाली लहानू होता. समोर करवंदीच्या जाळीत वाघ बसला होता. दिसत नव्हता, पण मोरीच्या अंगाचं कापरं माझ्यात उतरत होतं. ती मान हलवायची थांबली नाही, आणि मी वाजायची थांबले नाही. मग टेंभे घेऊन माणसं आली. जाळी हलली. एवढंच.

केरूनं पोराला खांद्यावर घेतलं, पण घरी नेलं नाही. आधी पाड्याच्या वेशीवर नेलं. तिथं वाघदेव आहे. लाकडाची फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, चांद, सूर्य, आणि वर्षानुवर्षांचा शेंदूर. त्याच्यापुढं केरू बोलला, "तू तुझा घास सोडलास. आता दर वाघबारशीला लहान्याच्या नावाचा घास मी तुला घालीन. माझा हात हालतोय तवर."

वाघबारस दिवाळीच्या तोंडावर येते. गुराखी घरोघर तांदूळ मागतात, रानातच शिजवतात, पहिला घास वाघाला ठेवतात आणि उरलेलं तिथंच बसून खातात. शिजवलेलं घरी न्यायचं नाही. केरू सगळ्यांच्या घासाशेजारी आणखी एक मूठ ठेवायचा आणि मला एकदा वाजवायचा. कुणाचा घास आहे ते वाघाला कळावं म्हणून.

मोरी म्हातारी होऊन गेली. त्यानंतर मी दाराशेजारच्या खुंटीवर आले. वर्षातून एकदा वाघबारशीला खाली उतरायची. बाकी वर्ष वाऱ्यावर थोडंसं वाजायचं, आणि घरातलं कुणीतरी दचकून मोरीच्या रिकाम्या दाव्याकडं बघायचं.

लहानू आश्रमशाळेत शिकला. सुट्टीत दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत छाटणीला गेला. पुढं शेतीचा कोर्स केला, नाशिकजवळ एका गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये लागला, आणि तिथल्या साहेबानं त्याला आफ्रिकेत नेलं. केनिया नावाच्या देशात एका तळ्याकाठी गुलाबाचे मोठे मळे आहेत म्हणे. दिंडोरीच्या उज्वलाशी लग्न करून तिलाही घेऊन गेला.

जाताना केरूनं एकच विचारलं, "तिकडं वाघ हाय का?"

"नाय बा. सिंह हाय."

त्या दिवसापासून केरूची झोप गेली. अंगणात येऊन उभा राहायचा, जसा त्या संध्याकाळी उभा होता. ऐकायला मात्र काही नसायचं.

दोन हजार सहा-सात साली लहानूनं आईबापाला तिकडं बोलावलं. उज्वलाला दिवस गेले होते. केरूनं पिशवीत नागलीचं पीठ, कुसाबाईचं लुगडं आणि मला घातलं. मुंबईच्या विमानतळावर यंत्रातून पिशवी गेली तशी एका शिपाईबाईनं मला बाहेर काढलं.

"हे काय?"

"गाईची घंटा."

"आणि गाय कुठंय?"

"गाय मेली," कुसाबाई म्हणाली. "घंटा जित्ती हाय."

बाईनं मला हलवून बघितलं. रांगेतली सगळी माणसं वळली. तिनं मला परत पिशवीत ठेवलं, हलकेच.

लहानूचं घर चांगलं होतं, पण केरूला तिथं करमेना. महिन्याभरानं लहानू म्हणाला, "बा, जन्मभर लोकांची जनावरं राखलीस. आता दोन दिवस नुसता बसून जनावरं बघ. एका लॉजवर जाऊ."

लॉज म्हटल्यावर केरूच्या डोळ्यांपुढं नाशिकच्या स्टँडजवळचं लॉज आलं. ढेकूण, आणि जिन्यात विड्यांची थोटकं. तो म्हणाला, "त्यापरीस घरीच झोपतो."

हे लॉज निराळं होतं. गाडी दिवसभर धूळ उडवत गेली तरी वाटेत गाव लागलं नाही. एका टेकडीच्या उतारावर, झाडांत लपवल्यासारखे जाड कापडाचे तंबू होते. आत पलंग, बाहेर लाकडी ओटा. ओट्यावरून खाली बघितलं की आभाळ टेकेपर्यंत पिवळं गवत, आणि त्यात जनावरं, मुंग्या सांडाव्यात तशी.

पहिल्याच संध्याकाळी कुसाबाई पलंगावर पडली आणि उठून ओट्यावर आली. "अवो, अंथरुणात कायतरी जित्तं हाय. ऊन लागतंय पायाला."

केरूनं काठी आत घालून पांघरूण उचललं. गरम पाण्याची रबरी पिशवी निघाली. पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून तिथं ती ठेवतात. उज्वलाला हसून हसून पोट धरून खाली बसावं लागलं. कुसाबाई म्हणाली, "हस. मी इतकी वर्षं संसार केला, कुणी माझे पाय ऊन केले का?" असं म्हणून तिनं ती पिशवी कुशीत घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

केरूला मात्र नुसतं बसून बघणं जमेना. तो ओट्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. "एवढी गुरं," म्हणायचा, "आन् वळणारा कुनी नाय. ते बघ, मागं राहिलं एक. लंगडतंय. कुनी हाकायला नको?"

"बा, ती कुणाचीच नाहीत."

"कुनाचीच नाय म्हंजे काय? जनावर हाय ना?"

मला त्यानं ओट्याच्या खुंटीवर अडकवलं होतं. तिथला वारा सरळ मैदानावरून यायचा आणि माझ्या भोकात शिरायचा. मी सारखी कुणकुणत होते. पहाटे तर निराळंच झालं. खालून एक आवाज आला. तो ऐकू येण्याआधी माझ्या पितळात भरला. वारा पडलेला होता, तरी माझी लोळी हलली. असा आवाज मी जन्मात अंगावर घेतला नव्हता. आमचा वाघ कधी बोलला नव्हता.

केरू बाहेर आला. मला मुठीत धरून त्यानं गप्प केलं. त्याची मूठ ओली होती.

तो दिवस वाघबारशीचा होता. लहानूच्या ध्यानात नव्हतं. केरूच्या होतं, चंद्राची कोर बघून त्यानं दिवस धरून ठेवले होते. दुपारी जेवताना त्यानं पानातला भात हळूच रुमालात बांधला. लहानूनं ते बघितलं.

"बा, हे कशाला?"

"आज बारस."

लहानूनं चमचा खाली ठेवला. "इथं अन्न बाहेर ठेवायला सक्त मनाई आहे. जनावरं तंबूवर येतात. आणि इथं वाघ नाहीच. आख्ख्या आफ्रिकेत वाघ नाही."

"मग पहाटं वरडला तो कोन?"

"सिंह. सांगितलं ना."

"वाघाचा भाऊच की. दारी जेवायला आलेल्याला तू नाव विचारतो का?"

"मी हे मानत नाही, बा. तुला ठाऊक आहे."

"तू नको मानू," केरू म्हणाला. "तुझ्या वाटचं मी मानलं ना इतकी वर्सं. आता माझा हात कापतो. माझ्या मागं तुझा घास कोन ठेवील, एवढंच सांग. आन् हिच्या पोटातल्याचा कोन ठेवील? तुमी हितं सिंहाच्या तोंडाशी राहता, आन् मी तिकडं झोपू कसा?"

लहानू उठून हात धुवायला गेला.

चारच्या सुमारास सगळे पडले होते. केरूनं मला खुंटीवरून काढलं, रुमाल घेतला आणि ओट्यावरून खाली उतरला. थोड्या अंतरावर एक सपाट खडक होता. त्यानं त्यावर भात ठेवला, हात जोडले, आणि मला वाजवलं.

मी वाजले आणि वरच्या झाडांतून धबधब उड्या पडल्या. कुत्र्याच्या तोंडाची मोठाली वानरं होती ती. बबून म्हणतात त्यांना. एकानं भात उचलला, दुसऱ्यानं रुमाल ओढला, तिसरं केरूकडं दात विचकून उभं राहिलं. केरू मला वाजवत मागं सरत होता, आणि मी जितकी वाजत होते तितकी ती आणखी येत होती.

तेवढ्यात लाल कापड पांघरलेला एक उंच माणूस काठी आपटत आला. लेमायान त्याचं नाव. तो तिथला राखणदार, गुरं पाळणाऱ्या मसाई जमातीतला. वानरं पांगली. त्यानं केरूचा दंड धरून त्याला ओट्यावर आणलं. मागून लहानू धावत आला, मॅनेजरबाई आली. बाई सभ्य होती, पण तिनं स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर तुम्हाला जावं लागेल. लहानूचा चेहरा उतरला.

"झालं समाधान?" तो बापाला म्हणाला.

केरू पायरीवर बसला होता. "वानरानं खाल्लं," तो म्हणाला. "वाघदेवाला काय पोचलं? दिस मावळायला आला."

लेमायान तिथंच रेंगाळत होता. त्याची नजर माझ्यावर होती. त्यानं हात पुढं केला. केरूनं मला दिलं. लेमायाननं मला कानाशी नेलं, डोळे मिटले आणि हलवलं. मग तो लहानूशी तिकडच्या भाषेत बोलला.

"काय म्हनतो?" केरूनं विचारलं.

"त्याची गुरं आहेत. टेकडीच्या पायथ्याला त्याचं घर. त्याच्या गाईंना अशाच घंटा असतात, पण तो म्हणतो, हिचा आवाज भोकाचा आहे. लांब जाईल."

"त्याला इच्यार, त्याच्या घरी घास ठिवू देतील का."

लहानूनं विचारलं. लेमायान हसला आणि गाडीकडं बोट दाखवलं.

आम्ही पोचलो तेव्हा गुरं घरी येत होती. काटेरी कुंपण, त्यात शेणाची घरं, आणि धुळीतून घंटा वाजत येत होत्या. मी गाडीतच वाजायला लागले. इतक्या वर्षांनी मला माझ्या जातीचं कुणीतरी ऐकू आलं होतं. केरू गाडी थांबण्याआधी उतरला. एका कालवडीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला आणि तिचे कान बघितले, खूर बघितला. मसाई पोरांनी त्याला काही विचारलं नाही. गुराख्याला गुराखी ओळखतो.

लेमायानच्या आईनं मक्याच्या पिठाचा उकडीसारखा घट्ट गोळा आणून दिला. तोच त्यांचा रोजचा भात. केरूनं कुंपणाबाहेर एक जागा हातानं झाडली. गोळ्यातला घास मोडला. त्याचा हात इतका कापत होता की तो घास दोनदा खाली पडला.

म्हातारीनं मुलाला काही विचारलं, आणि लेमायाननं लहानूला. लहानूनं सांगितलं. ते ऐकून म्हातारी बोळक्या तोंडानं हसली आणि काहीतरी बोलली. भोवतालची सगळी मंडळी खदखदली.

"काय म्हनली?" केरूनं विचारलं.

लहानू बुटाची धूळ झटकायला लागला.

"आरं, सांग की."

"म्हणाली," लहानू म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले, "एवढा बाप्या झाला, आणि अजून याच्या वाटचं बापच करतो का? याला हात नाहीत का?"

केरू हसायला लागला. मी त्याला असं हसताना वणीच्या बाजारानंतर पाहिलं नव्हतं. कुसाबाईही पदर तोंडाला लावून हसली. "बराबर बोलली म्हातारी," ती म्हणाली. "सासूसारखी बोलली."

लहानू उभा होता. मग तो बूट काढून खाली बसला. बापाच्या हातातला घास त्यानं घेतला आणि झाडलेल्या जागी ठेवला. काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं वर बापाकडं बघितलं.

"नाव घे. आपलं."

"लहानू," तो म्हणाला.

केरूनं मला वाजवलं.

निघताना केरूनं त्या कालवडीच्या गळ्यात मला बांधलं. लहानू म्हणाला, "बा, अरे घंटा?"

"राहू दे हितं."

"का?"

"तू देवासाठी यायचा नाय, ते मला ठावं हाय. हिला बघायला ये. वर्साला एकदा. आलास म्हंजे म्हातारी गोळा देईलच."

लहानूनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते मला कळलं नाही. गाडी गेली. केरूनं मागं वळून बघितलं नाही. गुरं सोडून जाताना तो कधीच बघायचा नाही.

केरू आणि कुसाबाई पुढं पाड्यावर परत गेले, मी इथं राहिले. कालवडीची गाय झाली. इथला वारा थांबत नाही, म्हणून मीही थांबत नाही. रात्री खालून तो आवाज येतो आणि माझ्या पितळात भरतो. पहिल्या वर्षी चंद्र बारीक झाला तेव्हा लहानू आला. कडेवर मुलगी होती, मीना. त्यानं बूट काढले, घास ठेवला, आपलं नाव घेतलं. घाईत होता, पण आला.

दुसऱ्या वर्षी आला नाही. चंद्र बारीक झाला, दिसेनासा झाला, पुन्हा कोर आली. गाय चरत होती आणि मी गाडीच्या आवाजाकडं कान लावून होते. बाकीच्या घंटा गप्प असताना मी एकटीच वाजायची. लेमायाननं एकदा माझ्यात गवताचा बोळा कोंबला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून टाकला.

आणि मग भलत्याच दिवसांत, चंद्र चांगला मोठा असताना, तो आला. एकटा. टोपी घातली होती. म्हातारी पुढं झाली तेव्हा त्यानं टोपी काढली. डोकं तासलेलं होतं, केस नुकते उगवत होते. मिशीही नव्हती. पेठला जाऊन आला होता.

म्हातारीला काही सांगावं लागलं नाही. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन गोळा आणला.

लेमायाननं विचारलं, "आज तुमचा दिवस आहे का?"

"नाही," लहानू म्हणाला. "आज उगाच आलो."

त्यानं जागा झाडली. बसला. एक घास ठेवला आणि म्हणाला, "लहानू." मग दुसरा मोडला, पहिल्याच्या शेजारी ठेवला आणि म्हणाला, "मीना." मग तो गाईजवळ आला, आणि मला वाजवलं नाही. मुठीत धरून उभा राहिला. त्याची मूठ ओली होती. बराच वेळ त्यानं मला सोडलं नाही, आणि मीही हलले नाही.

लहानू बोलणारा माणूस नाही. आईला तो हे कधी सांगायचा नाही. म्हणून तुम्हाला सांगते. इथं फिरायला आलात, पण बोलण्यावरून तुम्ही नाशिककडचे. कधी पेठच्या बाजूला गेलात आणि डोंगरातल्या पाड्यावर कुसाबाईचं घर लागलं, तर दोन मिनिटं थांबा. ती पाणी देईल. तिच्या दाराशेजारी एक रिकामी खुंटी असेल, तिकडं बघू नका. तिला एवढंच सांगा, की पोरानं दोन घास ठेवले. बारस नव्हती, आणि कुणी सांगितलंही नव्हतं.